दीडशे रुपयांचं पंक्चर, अकरा हजारांचं बिल

गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक, सहा वर्षं वापरलेली. वरचं मॉडेल, म्हणून चारही चाकं पंधरा इंची अलॉयची, टायर १८५/६५ आर १५ मापाचे, ट्यूबलेस. डिकीतली स्टेपनी मात्र चौदा इंची, लोखंडी रिमवरची. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी ही गाडी पुण्याहून कोल्हापूरला निघाली. आत गाडीमालक, त्याची बायको, आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तरीची आई. डिकी बॅगा आणि फराळाच्या डब्यांनी गच्च. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, भुईंज मागे पडल्यावर, डाव्या बाजूचं मागचं चाक बसलं. रात्री उशिरा सगळे कोल्हापूरला पोहोचले. कुणाला खरचटलंही नाही.

इथेच प्रकरण संपायला हवं होतं. खिळा लागणं कुणाच्या हातात नसतं, आणि टायरच्या नक्षीतलं बारीक भोक बुजवायला हायवेवर शंभर-दीडशे रुपये पडतात. या कुटुंबाला त्या भोकापायी अकरा हजारांच्या आसपास मोजावे लागले. शिवाय ज्या जागी ते अंधार पडेपर्यंत अडकून होते, त्या जागेचं वर्णन ऐकल्यावर मला पैशांचं फारसं वाटेनासं झालं. मी वाहनविम्यासाठी नुकसानीचे अंदाज काढतो. दावा करावा का, हे विचारायला गाडीमालक तो टायर घेऊन माझ्याकडे आला, म्हणून सगळं तपशिलात कळलं. त्यांच्या परवानगीने, नावं वगळून लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच की यात खिळ्याचा वाटा खरोखर दीडशे रुपयांचाच आहे. बाकीचं सगळं खिळ्याच्या आधी आणि नंतर घडलं.

टायरवर काय दिसलं

खिळा म्हणजे खरं तर सुतार वापरतात तो प्लायवूडचा स्क्रू. तो अजून टायरमध्ये रुतलेला होता आणि त्याच्या डोक्यावरची फुली, जिच्यात पेचकस बसतो, ती घासून पार सपाट झाली होती. डोकं आरशासारखं चकचकीत. रस्त्यात त्या संध्याकाळी घुसलेला स्क्रू असा दिसत नाही. हा बरेच दिवस टायरमध्ये बसून शहरभर फिरलेला असणार. विचारल्यावर कळलं की त्यांच्या सोसायटीत एका फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू होतं आणि सुतार पार्किंगमध्येच प्लाय कापत होते. मागच्या टायरला खिळे जास्त लागतात असा पंक्चरवाल्यांचा अनुभव आहे, आणि त्याचं कारणही पटण्यासारखं आहे: आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाने उडतो, उभा होतो आणि मागच्या चाकात शिरतो.

ट्यूबवाल्या टायरला खिळा लागला की हवा काही मिनिटांत जाते. ट्यूबलेसचं रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवा झिरपत जाते. ही ट्यूबलेसची मोठी सोय आहे आणि तिच्यातच फसगत आहे. चाक बसलेलं दिसत नाही, गाडी चालत राहते, हवा मात्र रोज थोडी कमी होते. त्यात भर म्हणजे थंडीची सुरुवात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. धडधाकट टायरचीसुद्धा महिन्याकाठी एखाद-दुसरा पीएसआय हवा आपोआप जाते. या गाडीत शेवटची हवा गणपतीत भरली होती. निघताना पंपावर पेट्रोल भरलं, पण हवेला रांग होती म्हणून ते तसेच पुढे गेले. दिवाळीच्या गर्दीत कुणीही तसंच केलं असतं. फक्त त्या रांगेत पाच-सात मिनिटं काढली असती, तर तीन चाकांत दोन-तीन पीएसआय कमी आणि एकात दहा-बारा कमी, हे हवा भरणाऱ्या पोराने बघताक्षणी सांगितलं असतं. एकच चाक इतकं वेगळं भरलं की तिथे खिळा आहे, याला वेगळ्या तपासणीची गरज पडत नाही.

हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो. त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकतात आणि तापतात. उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही, असं सांगणारे लोक मला अजून भेटतात. ते नेमकं उलटं आहे. टायर तापतो तो कमी हवेने. गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा असतो, तो थंड टायरसाठी आणि बारा महिन्यांसाठी असतो. चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर त्याच पट्टीवर मागच्या चाकांना जास्त दाब सांगितलेला असतो, तो तर सहसा कुणी वाचतच नाही.

खंबाटकी घाट चढता-उतरताना वळणांवर गाडी मागून झोकांड्या खातेय असं गाडीमालकाला जाणवलं होतं. त्याला ते सामानाच्या वजनामुळे वाटलं. पुढच्या चाकाची हवा गेली की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, हाताला लगेच कळतं. मागचं चाक मात्र आधी पाठीला आणि बैठकीला कळतं, आणि मागे बसलेल्याला चालकाच्या आधी कळतं. इथेही तसंच झालं.

दोन किलोमीटर

जोशी विहीर मागे पडल्यावर आई मागून म्हणाली, "मागनं कायतरी घासतंय बघ रे." रेडिओ चालू होता, ट्रकची वर्दळ होती. त्याने काच खाली केली. फटफट असा आवाज डावीकडून येत होता. वेग ऐंशीवरून साठवर आणला. बायको म्हणाली, "अहो, थांबवा ना बाजूला." त्याचं उत्तर होतं, "इथे कुठे थांबवू? पुढे पंप आहे, दोन किलोमीटरवर."

या उत्तरावर मी बराच विचार केला, कारण ते अर्धं बरोबर आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या त्या टप्प्यात सणाची गर्दी होती, कडेला ट्रक उभे होते, उजेड उतरत होता. जागा मिळाली म्हणून कुठेही थांबणं चुकीचंच ठरलं असतं. सुरक्षित जागेपर्यंत गाडी नेण्यासाठी टायरचा बळी द्यावा लागला तर खुशाल द्यावा. टायर विकत मिळतो. तेव्हा पुढे जाणं मला चूक वाटत नाही. चूक दोन गोष्टींत झाली. पहिली म्हणजे वेग. साठच्या वेगाने बसलेला टायर नेणं म्हणजे रिमने टायरची भिंत रस्त्यावर सेकंदाला आठ-नऊ वेळा चिरडणं. वीसच्या वेगाने, धोक्याचे चारही दिवे लावून, डाव्या कडेने सरपटत गेलं असतं तर टायर कदाचित वाचलाही असता. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. भुईंजजवळ सेवा रस्त्यावर उतरायला फाटा होता. आवाज आल्यानंतर तीन-चारशे मीटरच्या आत तो आला आणि गेला. डोक्यात 'पंप' बसल्यामुळे तो फाटा त्याला दिसला, पण सुटका म्हणून दिसला नाही. हायवेवर चाक बसलं की शोधायचा तो पंप नव्हे, मुख्य रस्त्यावरून उतरण्याची पहिली वाट. मग ती सेवा रस्त्याची असो, ढाब्याची असो की बंद पडलेल्या वजनकाट्याची.

पंप काही आला नाही. दोन किलोमीटरनंतर रिम घासल्याचा कर्कश आवाज यायला लागला, तेव्हा त्याने जिथे होता तिथेच गाडी डावीकडे घेतली. ती जागा एका मोरीच्या लगेच पुढे होती, हलक्या वळणाच्या पोटात. मागून येणाऱ्याला गाडी दिसणार ती वळण घेतल्यावर. डांबरी कडा संपून पुढे मुरूम, मग उतार. पंक्चर काढायला याहून वाईट जागा त्या टप्प्यात सापडणं कठीण. आणि टायर तर आधीच गेला होता. म्हणजे तिथून आणखी शंभर-दीडशे मीटर रिमवर रखडत सरळ, मोकळ्या पट्ट्यात जायला हरकत नव्हती. जे वाचवायचं राहिलंच नव्हतं ते वाचवण्यासाठी तो थांबला.

आई गाडीतून उतरत नाही

थांबल्यावरची पहिली पाच मिनिटं डिकी रिकामी करण्यात गेली, कारण स्टेपनी, जॅक, पाना आणि लाल त्रिकोण, सगळं फराळाच्या डब्यांखाली होतं. हे जवळजवळ प्रत्येक घरच्या गाडीत असंच असतं. त्रिकोण तरी पुढच्या सीटखाली ठेवावा, असं मी भेटेल त्याला सांगतो.

त्रिकोण त्याने लावला, पण गाडीपासून आठ-दहा पावलांवर. ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते, शंभरच्या वेगाने जवळपास अठ्ठावीस. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच दीड-दोन सेकंद जातात. दहा पावलांवरचा त्रिकोण त्या चालकाला दिसेल तेव्हा तो गाडीवर आलेला असेल. सरळ रस्त्यावर किमान पन्नास मीटर, आणि वेगाच्या महामार्गावर शंभर, असं अंतर हवं. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, म्हणजे मोरीच्याही मागे जायला हवा होता, मग मीटर कितीही भरोत.

आई मात्र गाडीतून उतरायला तयार नव्हती. "गुडघं दुखत्यात. मी बसते की हितंच, तुमचं होऊ द्या." मुलगाही म्हणाला, राहू दे तिला. सुनेने हट्ट धरला. "आई, तुम्ही माझा हात धरा, आपण तिकडे दगडावर बसू." एकीकडे सासू, दुसरीकडे मुलगी, अशी तिने दोघींना उताराच्या बाजूला, रस्त्यापासून लांब नेलं, आणि तेही गाडीच्या मागे न थांबता पुढच्या बाजूला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणा निर्णय हाच वाटतो. जॅकवर चढवलेल्या गाडीत माणूस असणं धोक्याचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कडेला उभ्या गाडीत नुसतं बसून राहणंही तितकंच धोक्याचं असतं, कारण मागून धडक बसली तर ती बसलेल्यालाच लागते. उतरताना ती दोघींना डाव्या दाराने घेऊन उतरली. मुलगी सवयीने उजव्या दाराकडे वळली होती.

१०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांकही तिनेच लावला. पलीकडून किलोमीटर दगडाचा आकडा विचारला गेला, तो कुणी पाहिला नव्हता. फोनवरून ठिकाण शोधून सांगण्यात वेळ गेला. माझ्या पाहण्यात अनेकांना हा क्रमांक माहीतच नसतो, ११२ तेवढा आठवतो. जीवाला धोका असेल तर ११२ बरोबरच, पण चाक बसल्यावर गस्तीची गाडी आणि मागे लावायला शंकू हवे असतील तर १०३३.

नट, मुरूम आणि टॉमी

गाडीमालकाने याआधी कधी चाक बदललं नव्हतं, फक्त व्हिडिओ पाहिले होते. त्याने आधी जॅक लावला, चाक उचललं आणि मग नट सोडवायला गेला. जोर लावताच जॅकवरची गाडी डुलायला लागली. चाक खाली टेकवून पुन्हा प्रयत्न केला तर नट हलेनात. सहा महिन्यांपूर्वी अलाइनमेंट करताना दुकानात ते हवेच्या गनने आवळले होते. गन वापरणारी बहुतेक दुकानं शेवटी टॉर्क पान्याने मोजत नाहीत, नुसतं 'टर्रर्र' झालं की पुढच्या चाकाकडे. लहान गाडीच्या नटाला साधारण शंभर-एकशे दहा न्यूटन मीटर आवळ पुरतो. गन त्याच्या दुप्पट सहज देते. गाडीसोबत मिळणारा एल पाना पाव मीटरचा. त्याच्या टोकावर साठ किलोचा माणूस उभा राहिला तरी जोर दीडशेच्या आसपासच भरतो. त्याने उभं राहून पाहिलं. पाना निसटला आणि नटाचे कोपरे घासले.

मागे थोड्या अंतरावर थांबलेल्या ट्रकचा चालक हे बघून चालत आला. "दादा, आधी नट ढिले, मग जॅक. आणि ह्या मुरमात जॅक कसा राहील?" जॅक खरंच तिरका होऊन रुतत चालला होता. तो परत जाऊन एक लांब टॉमी (लोखंडी दांडा), पाइपचा तुकडा आणि लाकडी ठोकळा घेऊन आला. ठोकळा जॅकखाली. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला की दांडा दुप्पट लांब झाला आणि जोर दुप्पट. नट करकरले आणि सुटले. पान्याची दिशाही त्याने बदलली: दांडा डावीकडे आडवा ठेवायचा आणि खाली दाबायचं, म्हणजे अंगाचं वजन कामी येतं. वर ओढलं तर फक्त कंबर जाते.

मग त्याने गिअर पाहिला. गाडी न्यूट्रलमध्ये होती, नुसत्या हँडब्रेकवर. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागचंच एक चाक उचललं तर गाडी उरलेल्या एका मागच्या चाकावर अडकून राहते. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये हवी आणि पुढच्या चाकाला दगड हवा, तोही उचललेल्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातल्या. रस्ता सपाट दिसत असला तरी. बसलेलं चाक काढलं की ते बाजूला न टाकता गाडीच्या पोटाखाली सरकवायचं, हेही ट्रकवाल्यानेच केलं. जॅक घसरला तर गाडी त्या चाकावर टेकते, ब्रेकवर आणि हातावर येत नाही.

नवं चाक बसवून झालं तोवर गस्तीची गाडी आली. त्यांनी मोरीच्या मागे शंकू लावले आणि वाहतूक उजवीकडे वळवली. ट्रकवाल्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. चकल्या घेतल्या.

चाक बदललं आणि जॅक खाली उतरवला, तर स्टेपनी अर्धी बसली. नंतर दुकानात मोजली तेव्हा तिच्यात १४ पीएसआय हवा निघाली. गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. व्हॉल्व्हचं टोपणही जागेवर नव्हतं. त्या हवेवर, पंचवीसच्या वेगाने, दिवे लुकलुकवत ते पाचवडकडे निघाले. आधीच्या दोन किलोमीटरना जो वेग हवा होता, तो इथे आपोआप आला.

पाचवडचा पंक्चरवाला

दुकानदार मूळचा केरळचा, बोली मात्र पुरती साताऱ्याची. महाराष्ट्राच्या हायवेंवर केरळी पंक्चरवाला ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. त्याने आधी स्टेपनी पाण्याच्या टाकीत बुडवली. बुडबुडे व्हॉल्व्हच्या पिनेतून येत होते. पिन बदलली, हवा भरली.

मग बसलेल्या टायरकडे वळला. गाडीमालकाची इच्छा होती की स्ट्रिप मारावी आणि तेच चाक परत चढवावं. स्ट्रिप म्हणजे डिंक लावलेली रबरी वात, जी बाहेरूनच भोकात खुपसतात. पाच मिनिटांचं काम. स्क्रू बसला होता तीही जागा नक्षीच्या मधल्या पट्ट्यात होती, म्हणजे दुरुस्तीला योग्य. कडेला किंवा भिंतीत असतं तर प्रश्नच नव्हता, तिथलं भोक बुजवत नाहीत. पण या माणसाने स्ट्रिप मारायच्या आधी टायर रिमवरून उतरवला. आतून काळा भुगा सांडला. भिंतीच्या आतल्या बाजूला गोलाकार पट्टा उठला होता, एका जागी रबर सोलवटून आतले धागे दिसत होते. तो म्हणाला, "स्ट्रिप मारून देतो, पैसे पण घेतो. पण हा टायर कराडच्या पुढं नाय जायचा."

मी नंतर तपासलं तेव्हा त्याचं निदान शंभर टक्के बरोबर निघालं. बसलेल्या टायरवर गाडी चालली की भिंत रिम आणि रस्त्यात भरडली जाते आणि तिचंच रबर पीठ होऊन आत साठतं. बाहेरून टायर नवाकोरा दिसू शकतो. हवा भरली की उभाही राहतो. फुटतो तो पुढे, वेगात, भिंतीतून, एका झटक्यात. म्हणून बसून काही अंतर चाललेल्या टायरला बाहेरून स्ट्रिप मारून घेणं मला कधीच मान्य नाही. तो उतरवून आतून पाहिलाच पाहिजे, आणि दुरुस्त करायचा झालाच तर आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, लावून.

पंक्चरवाल्यांबद्दल तक्रारी बऱ्याच असतात. साबणाचं पाणी लावता लावता आरीने नवी भोकं पाडून "पाच पंक्चर निघाले" सांगणारेही असतात. म्हणून टायर तपासताना समोर उभं राहावं आणि प्रत्येक बुडबुडा स्वतः पाहावा. पण इथे दीडशे रुपये घेऊन गप्प बसणं त्या माणसाला सोपं होतं, आणि तो बसला नाही, हे नोंदवून ठेवतो.

स्टेपनीवर कोल्हापूर

आता प्रश्न असा होता की सातारा गाठून तिथेच टायर घ्यायचा, की स्टेपनीवर थेट कोल्हापूर. गाडीमालकाला चौदा इंची चाक मागे आणि पंधरा इंची तीन चाकं ही जोडी चालेल का याची भीती होती. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १८५/६५ आर १५ चा बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर भरतो. स्टेपनी १६५/८० आर १४, तिचा व्यास ६२० च्या जवळ. रिम लहान, पण रबराची भिंत उंच, त्यामुळे उंची जवळपास तीच. कंपनीने हे मुद्दाम जुळवलेलं असतं. फरक पडतो तो रुंदीत. वीस मिलिमीटर कमी रबर रस्त्याला लागतं, ब्रेक मारताना आणि ओल्या वळणावर गाडी वेगळी वागते. म्हणून त्या चाकावर ताशी ८० च्या मर्यादेचं लेबल असतं. ती मर्यादा पाळून तो कोल्हापूरला गेला. नट पुढे एका थांब्यावर पुन्हा आवळून पाहिले, हेही त्याला पाचवडलाच सांगितलं होतं.

पुढचा सव्वाशेहून जास्त किलोमीटर प्रवास दुसरी स्टेपनी नसताना झाला, यावर घरात नंतर वाद झाला. माझ्या मते या रस्त्यावर तो धोका पत्करण्यासारखा होता. पाचवडपासून कोल्हापूरपर्यंत दर थोड्या अंतरावर गाव, पंप आणि पंक्चरचं दुकान आहे. समृद्धी महामार्गावर मी तेच म्हटलं नसतं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाशीम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजा टोलनाक्यांच्या दरम्यान रस्त्यावर पडलेल्या लोखंडी फलकामुळे पन्नासहून अधिक वाहनं पंक्चर झाली आणि लोक रात्री तासन् तास अडकले. कुंपण घातलेल्या रस्त्यावर शेजारचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथला पंक्चरवाला तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता तर नव्या गाड्यांत स्टेपनी नसण्याचीही मुभा आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर प्रवासी कारला स्टेपनी सक्तीची नाही. या गाडीला ती यंत्रणा असती तर पुण्यातच दिवा लागला असता आणि मला लिहायला काही उरलं नसतं. उलट, दिवा दुर्लक्षून हवा पार जाईपर्यंत गाडी चालवलीच असती तर संचातला चिकट द्रव काहीही कामाचा नव्हता. तो नक्षीतलं बारीक भोक बुजवतो, सोलवटलेली भिंत नाही.

विम्याचं उत्तर

गाडीमालकाला वाटत होतं की सर्वसमावेशक पॉलिसी आहे, तर टायरचे पैसे मिळतील. मिळत नाहीत. खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत टायर आणि ट्यूबचं नुकसान वगळलेलं आहे. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो, तोही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. त्याने लगेच विचारलं, "अलॉय पण घासलीये ना, मग ते गाडीचं नुकसान नाही का?" प्रश्न हुशारीचा आहे, पण अलॉयची कड घासली ती बसलेल्या चाकावर गाडी रेटल्यामुळे. धडक नाही, बाहेरून आदळलेली वस्तू नाही. मी असा दावा पुढे पाठवला नसता. शिवाय त्याला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के होता. दोन-अडीच हजारांसाठी दावा केला असता तर पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त गमावलं असतं.

पॉलिसीची कागदं चाळताना एक गोष्ट मात्र निघाली. रस्त्यावरील मदतीचं जोडकवच त्याने तीन वर्षं पैसे भरून घेतलेलं होतं. चाक बदलून देण्यासाठी माणूस पाठवणं त्यात होतं. नंबर पॉलिसीच्या तिसऱ्या पानावर, पॉलिसी ईमेलमध्ये, ईमेल कुणी उघडलेला नाही.

टायर एक घ्यायचा की दोन

उरलेल्या टायरांची नक्षी तीन मिलिमीटरच्या आसपास होती. कायद्याची मर्यादा कारसाठी १.६ मिलिमीटर, त्यामुळे ते बाद नव्हते. पण एकाच आसावर एक नवा आणि एक अर्धा झिजलेला, हे मला पटत नाही. पावसात दोन्हींची पकड वेगळी पडते. त्याने दोन नवे घेतले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि घासलेले नट बदलणं धरून बिल अकरा हजारांच्या घरात गेलं. दुकानदार नवे पुढे लावत होता, 'इंजिन पुढे आहे' म्हणून. मी मागे लावायला सांगितले. पुढची पकड सुटली तर गाडी वळायला कुचराई करते आणि चालक आपसूक वेग कमी करतो. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, तिला सावरणं साध्या चालकाच्या हातात नसतं.

राहता राहिली स्टेपनी. तिच्या भिंतीवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, त्यावरून ती गाडीच्याही काही महिने आधीची निघाली. नक्षी कोरी, रबर मात्र कडक, भिंतीवर नखाने दाबलं की बारीक चिरा दिसतात. बदलावी असं माझं मत. गाडीमालक म्हणतो, एकदाच तर वापरली, आणि वापरली तेव्हा कोल्हापूरपर्यंत नेलं तिने. पिन नवी आहे, हवा आता महिन्याला बघतो. त्याने ती तशीच ठेवली आहे.